पाय चालतात तोवर

"डॉक्टरसाहेब, एक विचारू का? मी अजून किती वर्षं धरून चालू?"

रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडावर असतानाच हा प्रश्न आला. विचारणारे गृहस्थ माझे जुने रुग्ण. पूर्वी टेलिफोन खात्यात लाइनवर होते. उन्हातान्हात खांबावर चढून तारा जोडण्यात उमेद गेली. (ओळख पटू नये म्हणून त्यांच्या व पुढे येणाऱ्या इतर रुग्णांच्या हकिगतीत थोडा फेरफार केला आहे.) भारत संचार निगममध्ये २०१९ च्या अखेरीस स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली. पन्नाशी पार केलेल्यांसाठी ती होती. झालेल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचा पगार असा हिशेब होता. देशभरातून सुमारे ७८ हजार लोकांनी अर्ज भरले आणि ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी ते सारे घरी बसले. आमचे गृहस्थ त्यांतलेच. वय तेव्हा ५४. दोनच महिन्यांत कोरोनाची टाळेबंदी आली, आणि निवृत्तीनंतर करायच्या म्हणून ठरवलेल्या सगळ्या गोष्टी जागच्या जागी राहिल्या.

त्या दिवशी त्यांचा रक्तदाब १७०/१०० भरला. गोळ्या चालू होत्या, मीठ कमी होते, विडी-तंबाखू कधीच नव्हती. झोप कशी आहे, असे विचारले तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. मुलीचे लग्न झाले, मुलगा पुण्याला नोकरीत स्थिर झाला, घर स्वतःचे, कर्ज नाही. निवृत्तीवेतन येते आणि त्यातूनही दर महिन्याला शिल्लक पडते. पण वहिनींनी एकदा समुद्र पाहायची इच्छा बोलून दाखवली होती. गणपतीपुळ्याला जाऊन यावे, एवढेच. मुलगा म्हणतो, मी पैसे देतो. हे म्हणतात, तुझे नकोत, माझ्याजवळ आहेत. आणि स्वतःचे काढायला हात धजत नाही. यावरून घरात महिनाभर अबोला होता.

"उगं आठ दिवसांत वीस-पंचवीस हजार घालवायचे, अन् उद्या तुमच्यासारख्यानं मोठ्या दवाखान्यात जा म्हणून चिठ्ठी दिली तर?" असे त्यांचे म्हणणे. म्हणून आयुष्याचा आकडा त्यांना माझ्याकडून हवा होता. आकडा कळला की शिलकीला भागायचे, म्हणजे वर्षाला किती खर्चता येईल ते निघेल!

वाचकहो, हा प्रश्न ऐकून हसू नका. माझ्या दवाखान्यात तो निरनिराळ्या रूपांत आठवड्यातून एकदा तरी येतो. २००० - २००१ च्या सुमारास सरकारी बँकांतून सुमारे एक लाख लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले, तेव्हाही येत होता. वीस वर्षांची नोकरी भरताच राजीनामा देऊन मोकळे झालेले गुरुजी तोच विचारतात, आणि औद्योगिक वसाहतीतला कारखाना बंद झाल्यावर हिशेब घेऊन घरी आलेले कामगारही तोच विचारतात. काटकसर करून, लवकर मोकळे होऊन, चार पैसे गाठीला ठेवून बसलेल्या माणसाला ते पैसे आनंदासाठी खर्च करता येत नाहीत. ही पैशाची अडचण आहे असे वरवर दिसते. माझ्या मते ती प्रकृतीची अडचण आहे, म्हणून या सदरात तिच्याविषयी लिहीत आहे.

ही सवय आली कुठून, ते आधी पाहू. आज साठीच्या आसपास असलेली मराठवाड्यातील माणसे १९७२ च्या दुष्काळात सहा-सात वर्षांची होती. आईबाप खडी फोडायला जात आणि कामावर मिळणारी सुकडी पोरांसाठी बांधून आणत. मिलोची भाकरी खाल्लेले लोक अजून आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यानंतरही इथल्या पावसाने कधी भरवसा दिला नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहरात नळाला पाणी नव्हते आणि टँकरमागे धावताना लोक पडले, त्यांची हाडे मी स्वतः बांधली आहेत. वाळून गेलेल्या मोसंबीच्या बागा तोडताना शेतकरी रडले, तेही आपण पाहिले. अशा मुलखात वाढलेला माणूस गाठीचा पैसा सहजी सोडत नाही. त्याला कंजूष म्हणणे हा अन्याय आहे. त्याच काटकसरीने त्याने पोरे शिकवली, घर बांधले आणि चार वर्षे आधी मानेवरचे जू उतरवले.

आणि काटकसर सोडलेल्यांचे काय होते, तेही माझ्यासमोर आहे. एका गृहस्थाने स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हाती येताच जीप घेतली, शेतात एकामागून एक चार बोअर घेतले (चारही कोरडे गेले) आणि नातेवाइकांना उसने दिले. पाच वर्षांत रक्कम संपली. आज ते मधुमेहाच्या गोळ्या एक दिवसाआड घेतात आणि मला वाटते की मला ते कळत नाही, असे त्यांना वाटते. तेव्हा "पैसा काय वर न्यायचा आहे का, उडवा" असा सल्ला मी कुणाला देत नाही. देणाऱ्याचे काही जात नाही, औषध थांबते ते घेणाऱ्याचे.

मग त्या लाइनमन गृहस्थांना मी काय सांगितले? आयुष्याचा आकडा मला सांगता येत नाही, कोणत्याच डॉक्टरला येत नाही. पण तीस वर्षे दवाखान्यात बसून एक गोष्ट मला नक्की कळली आहे, ती त्यांना सांगितली. शरीर एकदम जात नाही, क्रमाक्रमाने जाते. पहिले गुडघे बोलू लागतात. मग जिना चढताना दम लागतो. मग डोळ्यांवर सारा येतो, मग ऐकू कमी येते. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते, त्यामुळे माणूस एस. टी. चा लांबचा प्रवास टाळू लागतो. हे सारे होत असताना माणूस जिवंत असतो, आणि बँकेतील रक्कम व्याजाने वाढतही असते. म्हणजे किती वर्षे जगणार, यापेक्षा किती वर्षे चालता येणार, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. अजिंठ्याच्या पायऱ्या साठाव्या वर्षी आपल्या पायांनी चढता येतात. पंच्याहत्तराव्या वर्षी डोली करावी लागते, आणि ऐंशीत डोलीत बसायचीही इच्छा उरत नाही.

दुसरे एक घर मला आठवते. नवरा बँकेत होता, २००१ मध्ये बाहेर पडला. दोघांनी चारधाम करायचे ठरवले होते. आधी मुलाचे शिक्षण, मग मुलीचे लग्न, मग घरावरचा मजला, मग नातवाचे बारसे. प्रत्येक कारण खरे होते, एकही सबब नव्हती. एका पहाटे बाईंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. गृहस्थांनी नऊ वर्षे बायकोची सेवा केली, तशी मी क्वचित पाहिली आहे. व्यायाम करून घेणारा माणूस रोज घरी येई. पैसा पुरला, त्या काटकसरीचा उपयोग झाला, हेही खरे. बाई गेल्यावर ते एकदा मला म्हणाले, "पैसा कमी पडला नाही डॉक्टर, पण एक महिना लवकर निघायला हवं होतं." यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

आता कुणी म्हणेल, मौजमजेचा आणि आरोग्याचा डॉक्टरांनी उगाच संबंध लावला. तसे नाही. इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या पुढच्या ६ हजार ७०० हून अधिक लोकांची १४ वर्षे नोंद ठेवली गेली आणि डिसेंबर २०१९ मध्ये ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये छापून आली. जे लोक दर काही महिन्यांनी नाटकाला, संगीताच्या मैफलीला, संग्रहालयात जात होते, त्यांच्यात त्या काळात मृत्यूचा धोका, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी आढळला. वर्षातून एकदोनदाच जाणाऱ्यांतही तो १४ टक्क्यांनी कमी होता. यात एक मेख आहे, ती सांगितली पाहिजे. धडधाकट आणि खाऊनपिऊन सुखी असलेला माणूसच नाटकाला जातो. संशोधकांनी हा फरक हिशेबात धरला होता, तरी अशा पाहणीवरून नाटकानेच आयुष्य वाढते असे ठामपणे म्हणता येत नाही. पण 'लॅन्सेट' ने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या आणि टाळता येण्यासारख्या १४ गोष्टींची यादी दिली, तिच्यात रक्तदाब-मधुमेहाबरोबर व्यायामाचा अभाव, नैराश्य, बहिरेपणा, अंधूक दृष्टी आणि माणसांत न मिसळणे यांचाही समावेश आहे. घराबाहेर पडणे, चार माणसांत बसणे, नवे काही पाहणे हे चैनीच्या सदरात टाकून चालणार नाही, एवढे यातून नक्की निघते.

लवकर निवृत्त झालेल्याला तर याची गरज अधिक. अठ्ठावन्न किंवा साठीला निवृत्त होणाऱ्याचे सोबती त्याच्याबरोबर निवृत्त होतात. चौपन्नाव्या वर्षी घरी बसलेल्याचे मित्र अजून नोकरीत असतात, बायको तिच्या कामात असते. हा गृहस्थ सकाळी मोतीबागेत फिरून येतो आणि दहा वाजता दिवस संपतो. मग वर्तमानपत्र, मग मोबाइल, मग झोप. वजन वाढते, साखर वाढते, चिडचिड वाढते. खर्च नको म्हणून लग्नकार्याला जाणे टाळतो, मित्रांत बसलो तर चहा पाजावा लागेल म्हणून चौकात थांबत नाही. दिवसाला पन्नास रुपये वाचतात, आणि त्याच्या कितीतरी पट पैसे पुढे माझ्यासारख्याला द्यावे लागतात.

म्हणून खर्चाविषयी मी जो सल्ला देतो, तो औषधाच्या चिठ्ठीसारखा क्रमवार देतो.

पहिले, आजारपणाची तजवीज वेगळी करा आणि एकदा केली की तिची रोज काळजी करू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपण बसतो का, जवळचे कोणते रुग्णालय त्यात आहे, याची चौकशी धडधाकट असतानाच करून ठेवावी. सत्तरी पार केलेल्यांना आयुष्मान योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले, त्याचे कार्ड घरातील वडीलधाऱ्यांचे काढले आहे का, ते पाहा. शिवाय सहा महिन्यांचा घरखर्च ताबडतोब काढता येईल असा ठेवा.

दुसरे, मुद्दलाला हात न लावता व्याजातला एक ठरावीक वाटा आनंदासाठी बाजूला काढा. मी गुंतवणुकीतला जाणकार नाही, पण साधा हिशेब मलाही येतो. पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के व्याज दिले गेले. साठीच्या आत स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांनाही ५५ वर्षांनंतर, रक्कम हाती आल्यावर ठरलेल्या मुदतीत, तिच्यात पैसे ठेवता येतात. (दर तीन महिन्यांनी दर ठरतो, तेव्हा पोस्टात विचारून घ्यावे.) या दराने दहा लाखांवर वर्षाला ८२ हजार होतात. त्यांतले दहावा हिस्सा, म्हणजे आठ हजार दोनशे रुपये, दोघांनी हिंडण्याफिरण्यासाठी खर्च केले तर म्हातारपण उघडे पडत नाही. हे पैसे निराळ्या पाकिटात ठेवा आणि वर्षअखेर पाकीट रिकामे झालेच पाहिजे असा नियम करा. काटकसरी माणसाला नियम पाळण्याची सवय असते, तिचा इथे उपयोग होतो.

तिसरे, ज्याला पाय लागतात ते आधी करा. डोंगर, किल्ले, लेणी, लांबची यात्रा साठीच्या आसपास. कीर्तन, गाणे, वाचन, नातवंडे पुढे आहेतच. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे, तिथे जाण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घ्या आणि निदान दोन महिने आधीपासून रोज पाऊण तास चालण्याचा सराव ठेवा.

चौथे, मौज महागच असली पाहिजे असे नाही. जगाच्या पाठीवरून लोक अजिंठा-वेरूळ पाहायला येतात आणि जालन्यातील कितीतरी लोकांनी ती अजून पाहिलेली नाहीत. सकाळी निघून रात्री घरी येता येते. (अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे लक्षात ठेवावे.) लोणारचे सरोवर, जांबसमर्थ, राजूरचा गणपती, अंबडची मत्स्योदरी देवी ही सारी हाताशी आहेत. धुळवडीचा हत्ती रिसाला पाहायला तर दमडीही लागत नाही. एस. टी. ची चार आणि सात दिवसांची 'आवडेल तेथे प्रवास' पासाची सोय आहे, आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट सुरू झाले आहे.

पाचवे, ज्यामुळे पुढचा आनंद घेता येईल असा खर्च आधी करा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, चांगला चष्मा, कवळी, कानाचे यंत्र, पायांत नीट बसणारे बूट. कानाने ऐकू येत नसताना नाटकाचे तिकीट काढण्यात अर्थ नाही.

आणि सहावे, दारू, गुटखा, मटका, मोबाइलवरचा जुगार आणि झटपट दुप्पट करून देणाऱ्या योजना यांना मी मौज म्हणत नाही. निवृत्तीची रक्कम यांनी खाल्लेली मी जास्त पाहिली आहे, प्रवासाने खाल्लेली एकही नाही.

हे सारे लोकांना सांगताना माझे मला वाईट वाटते, तेही लिहितो. गेल्या तीस वर्षांत मी स्वतः दवाखाना सलग चार दिवस बंद ठेवला नव्हता. रुग्णांचे हाल होतील हे कारण मी सांगत असे. खरे कारण असे की बंद दवाखान्याच्या प्रत्येक दिवशी बुडणाऱ्या पैशाचा आकडा माझ्या डोक्यात फिरत असे. माझे वडील १९७२ साली कामावर होते आणि मी त्यांचाच मुलगा. सौ. ने कधी तक्रार केली नाही. पण परवा तिने आपल्या गुडघ्याचे छायाचित्र माझ्यासमोर धरले आणि "हे बघा जरा" एवढेच म्हणाली, तेव्हा मी रुग्णांना जे सांगतो ते मला ऐकू आले. येत्या नाताळच्या सुट्टीत दवाखाना सहा दिवस बंद राहील. रुग्णांनी नेहमीच्या गोळ्या आधी नेऊन ठेवाव्यात.

त्या लाइनमन गृहस्थांचे काय झाले, ते सांगतो. त्यांनी माझे ऐकून घेतले, काही न बोलता गेले. दिवाळीनंतर दोघे मिळून आले. सात दिवसांचा पास काढून पुणे, रत्नागिरी, गणपतीपुळे करून आले होते. भक्तनिवासात उतरले, भाकरी-चटणी सोबत होती. सगळा हिशेब वहीत लिहिलेला होता आणि तो त्यांनी मला वाचून दाखवला. शहाळ्याचे पैसे जास्त घेतले, ही तक्रार त्यात होती. वहिनींनी प्लास्टिकच्या बाटलीत समुद्राचे पाणी भरून आणले होते, ते देवघरात ठेवले आहे म्हणाल्या.

रक्तदाब १४४/९० होता. अजून थोडा जास्तच आहे, गोळी चालू ठेवली आहे. झोप मात्र लागते म्हणाले. उठताना त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, वेरूळला मंगळवारी बंद असतं म्हणता ना?"

प्रवासाला निघणाऱ्या मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी लागतील त्याच्या दीडपट गोळ्या सोबत ठेवाव्यात, त्यातील निम्म्या सामानात आणि निम्म्या जवळच्या पिशवीत. जेवणाची वेळ चुकवू नये, खिशात खडीसाखर असावी, नवी चप्पल घालून यात्रेला जाऊ नये. याविषयी अधिक काही विचारायचे असल्यास पत्राने विचारावे, या सदरातून उत्तर देईन.